काकूची निराधार पेन्शन आणि त्यातून गावात सुरू झालेलं रजिस्टर

आमच्या भागात सरकारी योजना नाहीत असं कुणी म्हणू नये, योजना भरपूर आहेत. पण ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ती मदत का पोचत नाही हे मला माझ्या चुलतीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करताना कळलं, आणि जे कळलं ते पुढं गावातल्या बऱ्याच बायांच्या, म्हाताऱ्या माणसांच्या कामी आलं. म्हणून सगळं जसं झालं तसं लिहितोय. थोडं लांबेल, पण ज्यांच्या घरात असं काम अडकलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमचं गाव मराठवाड्यात, बालाघाटाच्या डोंगरात. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा, त्यामुळं दसरा-दिवाळी झाली की निम्म्या गावाच्या दाराला कुलूप. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिललाच परत येतात. काका-काकू पण एक कोयता होते, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून दोघांच्या नावावर उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि हंगामभर फेडायचे. २०२२-२३ च्या हंगामात उसाच्या फडातच काकांच्या छातीत दुखायला लागलं, ट्रॅक्टरवर घालून जवळच्या शहरात दवाखान्यात नेलं पण तिथं ते गेले. पन्नाशी पण झाली नव्हती. मागं काकू, दोन लेकरं, दीड एकर कोरडवाहू आणि अर्धी राहिलेली उचल.

दिवस-कार्य झाल्यावर गावातल्या एका शिक्षकांनी सांगितलं, की विधवा बाईला संजय गांधी योजनेत दरमहा पेन्शन मिळते, २०२३ ला तिचे १००० चे १५०० झालेत, आणि घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला आणि घर दारिद्र्यरेषेखालचं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. काकूला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला पण नव्हतं, आणि मी गावातला शिकलेला पोरगा समजला जातो. जी योजना १९८० पासून चालू आहे ती ज्या घरात सगळ्यात जास्त लागणार त्या घराला माहीत नाही, हे मला तेव्हा फार लागलं आणि अजून लागतं.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. आम्ही ग्रामपंचायतीत गेलो तर ग्रामसेवक म्हणाले की मृत्यूची नोंद माणूस जिथं गेला तिथं होते, गावात होत नाही. म्हणजे दाखला त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या नगरपालिकेतून आणायचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी, कारण परत यायच्या गडबडीत कुणी दाखला घेत नाही आणि मग तिकडं जायचं म्हणजे एका माणसाची मजुरी आणि गाडीभाडं. आमचं अजून एक झालं, दवाखान्यात नेलं तेव्हा काकू शुद्धीवर नव्हती, तर टोळीतल्या कुणीतरी नाव सांगितलं, आणि सगळे काकांना ज्या नावानं हाक मारायचे तेच नाव कागदावर चढलं. आधार कार्डावर वेगळं नाव, दाखल्यावर वेगळं. हातात दाखला असून काकू कागदोपत्री कुणा दुसऱ्याच माणसाची विधवा झाली होती. मग दवाखान्याचे कागद, आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र असं सगळं जोडून नाव दुरुस्त करून घेतलं. त्या नगरपालिकेतल्या जन्म-मृत्यू विभागातल्या ताईंनी मात्र आम्ही लांबून आलोय म्हणून त्याच दिवशी अर्ज तपासून काय काय कमी आहे ते एका कागदावर लिहून दिलं, त्यामुळं पुढची एक चक्कर वाचली. असं लिहून देणारं माणूस भेटलं की अर्धं काम तिथंच होतं.

आता खरा घोळ, उत्पन्नाचा दाखला. संजय गांधी योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. २०२३ मध्ये पेन्शनची रक्कम वाढली पण ही मर्यादा तिथंच राहिली. जरा हिशोब करा, २१,००० म्हणजे महिन्याला १७५० रुपये, पूर्ण घराचे. २०२३-२४ ला रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती, म्हणजे एखाद्या बाईनं तेव्हा कायद्यानं मिळणारं १०० दिवसांचं काम खरोखर केलं तर तिचे २७,३०० होतात आणि ती निराधार राहत नाही. एका हातानं सरकार तिला काम देतं आणि तेच काम केलं म्हणून दुसरीकडं तिची पेन्शन जाते. ही मर्यादा वाढवलीच पाहिजे, याच्यावर माझं दुसरं मत होऊच शकत नाही.

आमच्या बाबतीत दाखला आला तो ४०,००० चा. का, तर दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो आणि मागच्या वर्षी काका जिवंत होते, दोघं मिळून ऊस तोडत होते. काकू आता एकटी. एकट्या बाईला कोयत्यात कुणी घेत नाही, घेतलं तर अर्धा कोयता म्हणून घेतात आणि उचल पण तशीच तुटपुंजी. म्हणजे कागदावर नवऱ्याची कमाई अजून चालू होती आणि घरात तो माणूस नव्हता. मी हेच सगळं साध्या भाषेत अर्जात लिहिलं, मृत्यूचा दाखला जोडला, आणि तलाठ्यांना विनंती केली की घरी येऊन चौकशी करा. (आता तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असा निर्णय २०२४ ला झालाय पण गावात अजून तलाठीच म्हणतात.) ते आले, पंचनामा केला, शेजाऱ्यांचे आणि पोलीस पाटलांचे जबाब घेतले, आणि नवीन अहवालात लिहिलं की कमावता माणूस मयत, सध्या फक्त शेतमजुरी, तीही पावसाळ्यापुरती. त्याच्यावर मग मर्यादेच्या आतला दाखला निघाला.

इथं एक सांगतो. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्यात येतो, २०१५ चा कायदा आहे आणि हा दाखला १५ दिवसांत द्यायचा असं ठरलेलं आहे. नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील, आणि शेवटी आयोग, आणि विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. पण ह्या सगळ्याला आधार पावतीचा. सेवा केंद्रात अर्ज टाकला की पावती मिळते, त्यावर नंबर आणि तारीख असते, ती तारीख नसेल तर १५ दिवस मोजायचे कुठून? आमच्या बाया कागद देऊन येतात आणि "साहेबांनी ठेवून घेतला" म्हणतात. काकूला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काकू, पावती घेतल्याशिवाय खुर्चीवरनं उठायचं नाही. एकदा मी नसताना ती एकटी गेली तर खिडकीवरचा माणूस म्हणाला पावती नंतर घेऊन जा, तर ती तिथंच बसून राहिली, म्हणाली, "लेकानं सांगितलंय, नंबर लिहिलेला कागद घेतल्याबिगर जाऊ नको." दिली त्यानं.

बाकी कागद लवकर झाले. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा रहिवासी दाखला, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, बँकेचं पासबुक, फोटो. अर्ज तहसीलच्या संगायो म्हणजे संजय गांधी योजनेच्या शाखेत गेला.

आणि मग शांत. पावसाळा गेला तरी काही नाही. विचारायला गेलं की एकच उत्तर, समितीची बैठक झाली नाही. तालुक्याला एक समिती असते, तिचे अशासकीय अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं येतात आणि तहसीलदार सदस्य सचिव असतात, ती समिती अर्ज मंजूर करते. बैठक कधी होणार, तर तारीख ठरली की कळवू. कळवणार कुणाला? दसरा जवळ आलेला आणि काकूला परत ऊसतोडीला जायचं होतं, भावाच्या टोळीत, कारण काकांची उचल फिटली नव्हती. तिकडं गेली आणि इथं कुणी चौकशीला आलं तर "अर्जदार गावात राहत नाही" असा शेरा मारून फाइल बाजूला. आमच्या गावात हे आधी झालेलं आहे. कचेऱ्यांची तपासणी, शिबिरं, केवायसीची मुदत सगळं कधी येतं, तर हिवाळ्यात, आणि आमची माणसं हिवाळ्यात गावात नसतात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत लाभार्थ्यांची नावं वाचतात तेव्हा ज्यांची नावं असायला पाहिजेत ते सगळे उसाच्या फडात असतात.

मग माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. भांडणाची भाषा नाही, फक्त चार प्रश्न: अमुक नंबरचा अर्ज सध्या कुठल्या टप्प्यावर आहे, या वर्षात समितीच्या बैठका कुठल्या तारखांना झाल्या, अपात्र ठरवला असेल तर कारण काय, आणि पुढची बैठक कधी आहे. याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच्या जोडीला तालुक्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, जो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, एकट्या काकूचा नाही तर गावातल्या सगळ्या रखडलेल्या अर्जांची यादी दिली. यादी दिल्यानं फरक पडला असं मला ठाम वाटतं. एका माणसाला परत पाठवता येतं, पण नाव, अर्ज नंबर, तारीख, आज किती महिने झाले असं एका कागदावर सगळं मांडून ठेवलं की समोरच्या अधिकाऱ्याला पण त्याच्या खालच्या माणसाला विचारायला हातात काहीतरी मिळतं. तिथले नायब तहसीलदार चांगले होते, त्यांनी यादीवर आमच्यासमोरच शेरे मारले. पुढच्या बैठकीत काकूचा अर्ज मंजूर झाला. काकू तेव्हा फडात होती, फोनवर सांगितलं तर तिकडनं बराच वेळ आवाजच आला नाही, आणि मग तिनं विचारलं की पोराच्या फीला पुरतील का रे.

कुटुंब लाभच्या २०,००० ची गोष्ट अजून वेगळी. त्याला दारिद्र्यरेषेचा दाखला लागतो आणि गावात जी यादी वापरतात ती २००२ च्या सर्वेक्षणाची. २००२ ला काकांचं लग्न पण झालं नव्हतं, घर आजोबांच्या नावावर. त्यानंतर तिघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तरी यादीत सगळे एकाच नंबरखाली. काकूला पहिल्यांदा सांगितलं की तुमच्या नावाचं कार्डच नाही. पण मूळ यादीचा उतारा काढल्यावर आजोबांच्या कुटुंबात सदस्य म्हणून काकांचं नाव सापडलं, मग ग्रामसेवकांनी विभक्त कुटुंबाचा दाखला दिला आणि ते काम झालं. ज्यांचा जन्मच २००२ नंतरचा आहे त्यांनी काय करायचं याला माझ्याकडं अजून उत्तर नाही.

काकूचं काम झाल्यावर लोक घरी यायला लागले. माझ्या आईचं बघ, माझ्या बहिणीचं बघ. तेव्हा आम्ही एक रजिस्टर केलं. आम्ही म्हणजे मी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई आणि ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक. आशाताईंना गावातली प्रत्येक विधवा, प्रत्येक अपंग माणूस, एकटं राहणारं प्रत्येक म्हातारं माणूस माहीत असतं, कुठल्याही सर्व्हेपेक्षा जास्त. रजिस्टरमध्ये नाव, कुठल्या योजनेला पात्र दिसतात, कुठला कागद आहे, कुठला नाही, अर्ज नंबर, तारीख, आणि हंगामात ज्याच्याशी बोलायचं त्याचा मोबाईल नंबर. दर गुरुवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीत बसायचं. तलाठी साहेबांना विनंती केली की महिन्यातून एक गुरुवार तुम्ही पण या, ते येतात.

हे गावात बसून होऊ शकतं हे आम्हाला लाडकी बहीण योजनेच्या वेळी सगळ्यात चांगलं कळलं. जुलै २०२४ ला त्याच अंगणवाडी ताईंनी मोबाईलवर गावातल्या गावात फॉर्म भरले, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची पण गरज नव्हती. मग विधवेच्या पेन्शनला तेच रेशनकार्ड का चालत नाही? तीच बाई, तेच घर, तेच कार्ड. मी हा प्रश्न दोन अधिकाऱ्यांना विचारला, दोघांनी मान्य केलं की बरोबर आहे पण नियम वरून येतो. वरच्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय.

नंतर नवीन अडचण आली ती डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात पैसे यायच्या पद्धतीची. पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी जायची, पासबुकाच्या खात्यावर पैसे पडायचे. आता पैसे आधार क्रमांकाच्या मागं जातात. आमच्या गल्लीतल्या एका आजीची श्रावणबाळ योजनेची म्हातारपणाची पेन्शन एकदम थांबली. बँकेत गेलो तर म्हणाले आधार लिंक आहे, आमच्याकडं काही अडचण नाही. तहसीलमध्ये म्हणाले पैसे गेलेत. दोघं पण खरं बोलत होते. खात्याला आधार लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे कुठल्या बँकेत टाकायचे याची आधारवरची नोंद, असणं वेगळं. एका आधारला अशी एकच बँक जोडलेली असते, आणि सगळ्यात शेवटी जिथं सीडिंग केलं असेल तिथं पैसे जातात. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस बघायची सोय आहे पण त्याला आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि आजीच्या आधारला जोडलेला नंबर कधीचाच बंद पडलेला. म्हणजे आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलायचा, मग स्टेटस बघायचं. बघितलं तर दुसऱ्याच एका बँकेचं नाव! कधीतरी गावात शिबिर झालं होतं तेव्हा कुणीतरी अंगठे घेऊन खाती उघडली होती, आजीला खातं उघडलंय हे पण माहीत नव्हतं. पैसे सगळे तिथं साठलेले, एक रुपया हललेला नव्हता.

काढायला गेलो तर अंगठा लागेना. आयुष्यभर कोयता आणि खुरपं धरलेला हात, बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. बँक मित्राच्या छोट्या मशीनवर आजी एकेक बोट ठेवत होती, पदरानं पुसून परत ठेवत होती, आणि दर वेळी मशीन नाही म्हणत होतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बाळा, मी तीच हाय रं." मला आजही ते आठवलं की राग येतो, कुणा एका माणसाचा नाही, पण राग येतो. शेवटी त्या बँकेच्या शाखेत जाऊन स्लिपवर पैसे काढले आणि आधी ज्या बँकेत पेन्शन यायची तिथं सीडिंगचा फॉर्म नव्यानं भरून पोच घेतली. शाखेत ही सोय असते, फक्त ती मागावी लागते.

आता आम्ही भादव्यातच कामाला लागतो, टोळ्या जायच्या आधी. प्रत्येक घराला विचारतो, हयातीचा दाखला दिला का, केवायसी झाली का, आधारचा मोबाईल नंबर चालू आहे का, सीडिंग कुठल्या बँकेत दिसतंय. जाणाऱ्यांना प्लास्टिकच्या पिशवीत आधार आणि रेशनकार्डची झेरॉक्स बरोबर न्यायला लावतो. रेशन आता कुठल्याही गावात उचलता येतं हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं, इथलं धान्य इथंच राहतं आणि ते तिकडं विकत घेऊन खातात. आणि काही वाईट घडलंच तर दवाखान्यात नाव आधार कार्ड बघूनच लिहायला सांगा, हे टोळीच्या प्रत्येक मुकादमाला सांगून ठेवलंय.

यंदा आम्ही तहसीलला लेखी मागणी केली आहे की दसऱ्याच्या आधी दोन दिवस आधारचं किट गावात पाठवा, ज्यांचे अंगठे लागत नाहीत त्यांचे डोळ्यांचे ठसे अपडेट करायला आणि बंद पडलेले मोबाईल नंबर बदलायला. नावांची यादी जोडली आहे, त्यात सगळ्यात वर त्याच आजींचं नाव आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. येत्या तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिनात तोच अर्ज परत देणार आहोत, आणि या वेळी काकू पण येणार आहे, तिनं तिच्या वस्तीवरच्या बायांची वेगळी यादी केली आहे.